अकोल्याची भैरवी

अकोल्याच्या एका संगीत मंडळात मी कितीतरी वर्षं 'आधी' गायले. म्हणजे मुख्य गायक पुण्याहून येऊन, चहा घेऊन, स्टेजवर बसेपर्यंत लोकांना धरून ठेवायचं काम माझं. माझं गाव अमरावती, तिथून दोन-अडीच तासांवर. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

गेल्या साली मात्र मुख्य गाणं मला मिळालं. याचीच वाट पाहत वय गेलं होतं. आधी माझीच विद्यार्थिनी गाणार होती. शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदाराची मुलगी, गळा गोड, स्वभाव गरीब. तिचा राग संपला, टाळ्या पडल्या. मी आत तंबोरा जुळवत होते. तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक वयस्कर रसिक म्हणाले, "पोरी, एक भैरवी होऊन जाऊ दे!"

मोठ्यांची फर्माईश मोडू नये, हे तिला मीच शिकवलं होतं. भैरवीनंतर मैफलीत कुणी गात नाही, हेही मीच. घाबरून तिनं पहिलं तेवढं पाळलं. आणि गायली सुरेख. मी खुंटीवर हात ठेवून ऐकत राहिले. चालू भैरवीत कोण कुणाला थांबवणार?

भैरवी संपली तसे लोक सवयीनं उठले, चपला शोधू लागले. मंडळाचे अध्यक्ष घाईघाईनं आत आले.

"ताई, आता कसं करू? भैरवी झाली. लोकं उठून राहिले."

"राहू द्या," मी म्हटलं आणि तंबोऱ्यावर गवसणी चढवली.

परतीच्या गाडीत ती हमसून हमसून रडत होती. मला राग यायला हवा होता, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. वाटेत तिला चहा पाजला, मीही घेतला. घरी नवऱ्यानं विचारलं, "कसं झालं गाणं?"

"छान झालं," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

परवा अध्यक्षांचा फोन आला. "ताई, यंदा लोकाइले तुमच्या त्या पोरीचीच भैरवी आयकाची हाये. शेवटी तिले बसवतो. आधी तुमी गासान का?"

मी हो म्हटलं. काय गाणार, ते त्यांनी विचारलं नाही. मीही अजून ठरवलेलं नाही.