देवणीच्या काळ्या रानात अप्पांची एटीव्ही

गाडी घ्यायचं ठरलं ते अर्धापूरला, एका केळीच्या बागेत. माझं नांदेडला ठिबकचं दुकान आहे, त्यामुळे बागांमधून फिरणं रोजचंच. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये वाळक्या पानांखाली छोटी एटीव्ही दिसली. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, एकशे पंचवीस सीसीचं इंजिन. मालकाने हौसेने घेतली होती आणि हौस फिटल्यावर टाकून दिली होती. "न्या की, कोंबड्या अंडी घालून राहिल्या तिच्यावर," तो म्हणाला. मी जागेवरच विसार दिला. बायकोला वाटलं, चाळिशी उलटल्यावर याला खेळणं सुचलं. मी तिला काही बोललो नाही, कारण गाडी कशाला हवी ते सांगणं मला जड जात होतं.

इथे सांगतो. आम्ही मूळचे देवणीचे, लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला विमानात, म्हणजे सजवलेल्या खुर्चीत बसवून खांद्यावर नेतात आणि स्वतःच्या शेतात समाधी देतात. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आई गेली तेव्हा माझे वडील, अप्पा, लातूरला दवाखान्यात होते. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आमच्या शेताची वाट ओढ्यातून आणि पुढे काळ्या रानातून जाते. त्या दिवशी चिखल घोट्याच्या वर होता. पुढचा डावा खांदा माझा होता. ओढ्याचा चढ चढताना माझा पाय सरकला, विमान कललं आणि आई चिखलात पडली. लोकांनी तिला उचललं, ओढ्याच्या पाण्याने धुतलं, परत बसवलं. अप्पांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं तिथंच ठरलं.

अप्पांनी आईची समाधी पाहिलेलीच नव्हती. आता ते नांदेडला माझ्याकडे असतात, काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. जीप ओढ्यापाशी थांबते. मागच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून नेलं, तर ढेकळांच्या धक्क्यांनी ते इतके कळवळले की अर्ध्यातून माघारी फिरावं लागलं. यंदा त्यांनी एवढंच म्हटलं, "तिच्या तिथीला मला तिथं ने. मग मी काही मागणार न्हाई." त्यांनी आयुष्यात तसंही फार काही मागितलेलं नाही.

पहिला दिवस : नांदेड ते लातूर

असा बेत कोणाच्या मनात असेल तर आधी एक सांगून ठेवतो. एटीव्ही रस्त्यावर चालवायला परवानगी नसते. ती पिकअपमध्ये घालून, चारही बाजूंनी पट्टे आवळून न्यावी लागते. मी दुकानाची पिकअप काढली. पुढे शेजारी अप्पा, पांढरं धोतर, कपाळावर विभूती, मांडीवर बेलाच्या पानांची पिशवी. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. मोठा आणि बहुतेक चांगला, फक्त गावांजवळ उंचवट्यांवर गाडी हळू घ्यायची. अहमदपूरला चहा झाला. अप्पा एरवी रस्त्यातल्या प्रत्येक रानाचं पीक सांगतात. त्या दिवशी ते मागच्या काचेतून गाडीकडेच बघत होते.

लातूरला रशीदभाईंचं गॅरेज एका पेट्रोल पंपामागे आहे. साठीचे, चष्म्याला दोरा, बोटं कायम काळी. मी त्यांना मोठ्या ऐटीत यादी दिली. जास्त ताकद, जास्त वेग, मोठा सायलेन्सर. त्यांनी यादी वाचली आणि खाटेवर टेकलेल्या अप्पांकडे मान वळवली.

"बसणार कोन?"

"हे. मी पुढे, हे मागे."

"मग वेग कशाला मियाँ? म्हाताऱ्या मानसाला उडवून राहिलात का?"

मी यादी परत घेतली.

दुसरा दिवस : गॅरेज

सकाळी जवळच्या गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. तिखट, पिवळा, गरम. लातूरला आलात तर न्याहारीला दुसरं काही शोधत बसू नका. मग दिवसभर गॅरेज.

रशीदभाईंनी मागच्या चाकाची चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती काढून जास्त दातांची मोठी चकती बसवली. गाडीचा वेग कमी झाला, पण ओढ दुणावली. दोन माणसं घेऊन ती भिंतीलगतच्या मुरुमाच्या ढिगावर न कुरकुरता चढली. हवेचा फिल्टर सीटखालून काढून नळीने हँडलजवळ आणला, म्हणजे ओढ्यात पाणी शिरायला नको. मागच्या कडक स्प्रिंगा बदलून नरम घातल्या. टायर रुंद, आणि त्यांत हवा मोटारसायकलच्या पावपटीहून कमी. "चाक पसरलं पायजे, रुतलं न्हाई पायजे," ते म्हणाले. शेवटी सीटच्या मागे पाठ टेकायला लोखंडी चौकट, तिच्यावर फोमची गादी आणि कमरेला पट्टा. अप्पांना तीनदा बसवून माप घेतलं. तिसऱ्यांदा अप्पा म्हणाले, "आता बराबर."

माझी एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. मला चारही चाकांवर पत्र्याची मोठी मडगार्ड हवी होती, टायरला धरून, खालपर्यंत आलेली. अप्पा पूजेला जाणार, धोतरावर शिंतोडा उडता कामा नये. रशीदभाईंनी हातातला पान्हा खाली ठेवला.

"काळी माती हाय ती. पत्रा नका लावू."

"धोतर पांढरं आहे, भाई."

"धोतर धुता येतं."

मी ऐकलं नाही. पैसे माझे, गाडी माझी, असा तोरा होता. खरं कारण वेगळं होतं. आमच्या घरातलं आणखी एक माणूस त्या वाटेवर चिखलाने भरलेलं मला बघवणार नव्हतं. रशीदभाईंनी जास्त वाद न घालता पत्रे लावून दिले आणि तेरा नंबरचा पान्हा माझ्या खिशात टाकला. "असू द्या," एवढंच म्हणाले.

तिसरा दिवस : देवणी

नळेगावमार्गे देवणी गाठायला दोनेक तास लागले. पावसाने चार दिवस झोडपलेलं, सोयाबीन गुडघ्यापर्यंत. गावात शिरताना एक पांढराकाळा देवणी वळू रस्ता अडवून उभा होता; अप्पा पहिल्यांदा हसले. माझा चुलतभाऊ बसूअण्णा, ज्याने दोन वर्षांपूर्वी माझ्या बरोबरीचा उजवा खांदा दिला होता, त्याच्या घरी भाकरी, पिठलं आणि शेंगांची चटणी झाली. त्याच्या दारात दोन मोटारसायकली होत्या. दोन्हींची पुढची मडगार्ड काढलेली. पावसाळा लागला की आमच्याकडे सगळेच काढतात. मी त्या गाड्यांच्या मधून वाट काढत गेलो आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. वीस वर्षं नांदेडात डांबरावर राहून माणूस काय काय विसरतो!

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. अप्पांना पट्टा बांधला, बसूअण्णा फावडं घेऊन मागून चालत आला. गाडी पाण्यात उतरली, डगमगली नाही, पलीकडे निघाली. मी मनातल्या मनात रशीदभाईंना सलाम केला. मग चढ लागला.

वीस-पंचवीस पावलं गेली असतील. टायरला चिकटलेली माती पत्र्याखाली जाऊन बसली, तिच्यावर आणखी बसली आणि मागची चाकं जाम झाली. इंजिन ओरडत होतं, चाक इंचभर हलत नव्हतं. मी इंजिन बंद केलं. कुठे थांबलोय ते मला बाभळीवरून कळलं. याच बाभळीला धरून मी त्या दिवशी उठलो होतो.

मला वळून अप्पांकडे बघवेना. मागून त्यांचा आवाज आला, अगदी शांत.

"शिवा, इथंच ना रे?"

"काय, अप्पा?"

"तुझी आई पडली ते."

बसूअण्णाने मान खाली घातली. अप्पा म्हणाले, "त्याच्यावर चिडू नको. दवाखान्यात मीच त्याला खोदून इचारलं. शिवाला कळू देऊ नको म्हणलं, लेकराच्या मनाला लागंल. दोन वर्सं झाली, मी वाट बघून राहिलो तू कधी सांगतूस."

मी चिखलात उभा राहून रडलो. लाज वाटली नाही. अप्पांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "साकू. साकू आता. त्ये पत्रे काढ."

आमच्या घरच्या कानडीत 'साकू' म्हणजे पुरे. लहानपणी ताटात वाढताना आई हेच विचारायची. मी खिशातून तेरा नंबरचा पान्हा काढला. बसूअण्णाने फावड्याने माती ओरबाडली, मी नट सोडले. चारही पत्रे बाभळीखाली टाकले आणि गाडी सुरू केली. ती सावकाश, एका दमात, चढ चढून गेली. माती चारही बाजूंनी उडाली. अप्पांचं धोतर, सदरा, चष्मा, सगळं काळं झालं.

समाधी म्हणजे कमरेएवढा सिमेंटचा ओटा, त्यावर छोटी पिंड. अप्पांना चिखलात उतरून उभं राहता येत नव्हतं. मी गाडी ओट्याला लावली, तर सीटवरून त्यांचा हात बरोबर पिंडीवर पोचला. आधी त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. विभूती लावली, बेल वाहिला. मग तळहात तसाच ठेवून म्हणाले, "बंदे." म्हणजे, आलो मी. निघताना समाधीशेजारच्या मोकळ्या जागेत बसूअण्णाने पेरलेलं सोयाबीन बघून म्हणाले, "इथं पुढच्या साली पेरू नको."

संध्याकाळी मी एटीव्ही पिकअपमध्ये चढवायला लागलो, तेव्हा अप्पांनी काठीने चाकाला अडवलं.

"इथंच राहू दे. बसूच्या गोठ्यात."

"अप्पा, नांदेडला बागेत कामाला येईल."

"मी पावसाळ्यात गेलो तर? खांद्यावर कशाला घेतूस? हिच्यावर आण. आपल्यात बसवूनच आणतेत, पाठ टेकायला हाय, पट्टा हाय." काठी चाकावरून काढत म्हणाले, "आन पत्रे लावू नको."

नांदेड

खर्चाचं विचाराल, तर जुनी गाडी आणि तिच्यातले बदल जवळजवळ सारख्याच पैशांत झाले. काळ्या रानासाठी कोणी अशी गाडी करणार असेल तर ताकदीपेक्षा ओढ बघा, टायरात हवा कमी ठेवा आणि मडगार्ड काढा. रशीदभाईंना मी फोन करून सगळं सांगितलं. "माझं ऐकलं असतं तर," असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "वालिदसाहेब खुश हायेत का?"

ते धोतर दोनदा धुऊनही तांबूस-काळं राहिलंय. अप्पा तेच नेसतात. दर सोमवारी जेवायला बसल्यावर विचारतात, "बसूनं गाडी चालू करून बघितली का?" मी ताटावरूनच देवणीला फोन लावतो. बसूअण्णा गोठ्यात जातो, फोन इंजिनाजवळ धरतो. मी आमचा फोन अप्पांच्या कानाला लावतो. ते नीट ऐकतात, मान डोलावतात आणि भाकरी मोडायला घेतात.