मामांच्या खोलीत उतरवलेलं ऊन

आमच्या शहरात घर गरम करण्यासाठी धडपडलेला मी पहिलाच माणूस आहे. जिथं मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीत चहापत्ती टाकली तर चहा होईल आणि जिथं पाहुण्याला आधी पाणी नव्हे तर कूलरसमोरची जागा देतात, त्या छत्रपती संभाजीनगरात मी भिंतीवरून गरम पाणी खेळवलं. तेही पूर्ण शुद्धीत! (शेवटच्या दोन शब्दांबद्दल माझ्या बायकोचं, सुनंदाचं, मत वेगळं आहे.)

याला कारण माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो, सुनंदा आबा म्हणते. चितेगावच्या पुढं शेतात त्यांचं घर. सासूबाई गेल्यापासून एकटेच असतात. यंदा पावसाळ्यात ओट्यावरून पाय घसरून पडले आणि शेजारच्या रानातलं कुणी येईपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून सुनंदानं एकच ध्यास घेतला होता, की आबांनी आता कायमचं आपल्याकडं राहावं. पण मामांची जुनी रीत अशी, की ते दर हिवाळ्यात येत, तीन-चार दिवस राहत आणि एका सकाळी पिशवी काखोटीला मारून दारात उभे राहत.

"आबा, राहा की हो!"

"नाय गं बाई. लई गारठा हाय तुमच्याकडं. हाडं गोठत्यात."

मग सुनंदा त्यांना बसमध्ये बसवून यायची आणि भांडी घासता घासता रडायची. ती रडायला लागली की मला बघवत नाही. आणि मला बघवलं नाही की मी शोध लावतो!

विचार अगदी सरळ होता. मामा गारठ्यामुळं जातात. गारठाच नाहीसा केला तर मामांना जायला कारण उरणार नाही. गच्चीवर आमचा सोलर आहे. दुपारी त्यातल्या पाण्याला हात लावायची सोय नसते, पण ते वापरायला घरात कुणी नसतं. मी कंपनीत, सुनंदा शाळेत. खाली बाथरूममध्ये गॅसचा गिझर, तो ढगाळ दिवस सोडले तर वर्षभर लोळत पडलेला. या दोघांची गाठ घालून द्यायची! दिवसा सूर्यानं पाणी तापवायचं, सूर्य मावळला की गॅसनं हातभार लावायचा, आणि एक छोटा पंप बसवून ते पाणी मामांच्या खोलीच्या भिंतीवरच्या पाइपांतून फिरवत ठेवायचं.

थंड देशांतली माणसं असंच करतात, हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. बाहेर बर्फ आणि आत एक गोरी आजी खुशाल अनवाणी फिरतेय! त्यानंतर दर रविवारी मी गच्चीवर सोलरच्या नळ्यांशेजारी चटई टाकून पडायला लागलो. मार्गशीर्षातलं मऊ ऊन होतं. लांबचे डोंगर धुरकट निळे दिसत होते. डोळे मिटले की मला दिसायचं, ऊन नळ्यांत शिरतंय, पाण्यात विरघळतंय, पाय न वाजवता जिना उतरतंय आणि संध्याकाळी मामांच्या पायाशी येऊन बसतंय. मामा अर्धवट झोपेत म्हणतायत, "पाव्हणं, आता मी कुठं जात नाय." मला इतकं भरून यायचं की मी तिथंच झोपी जायचो. सुनंदा वाळलेले कपडे काढायला यायची आणि मला ओलांडून जायची.

शहागंजातून मी शकीलभाईंना घेऊन आलो. नळजोडणीत त्यांचं आयुष्य गेलेलं. मला वाटलं, ते मला वेड्यात काढतील. पण माझं दुर्दैव बघा, शकीलभाईही माझ्यासारखेच निघाले!

"म्हणजे साहब, दिवसा सूरज आणि रातला गॅस?"

"हो."

"आणि पानी गोल गोल फिरत राहणार?"

"अखंड!"

"वा! खोली नाय साहब, जन्नत होणार, जन्नत."

मग आम्ही दोघं बराच वेळ सोलरकडं बघत राहिलो. त्या वेळी दोघांपैकी एकानं तरी भानावर असायला हवं होतं. फिरून आलेलं पाणी परत सोलरच्या टाकीत जायला हवं होतं. आम्ही जन्नतीच्या भरात तो पाइप घराच्या गार पाण्याच्या टाकीला जोडून टाकला.

मामा आले. संध्याकाळी चहा झाल्यावर मी त्यांना खोलीत पलंगावर बसवलं आणि बटण दाबलं. पंप घुमायला लागला. बाथरूममध्ये गिझर टक टक टक करून भस्सकन पेटला. पाइपांतून पाण्याची बारीक कुजबुज सुरू झाली. मामांनी भिंतीला तळहात लावला आणि खरंच, अगदी माझ्या स्वप्नातल्यासारखे डोळे मिटले.

"आरं वा! गुरांच्या गोठ्यात असती तशी ऊब हाय."

सुनंदा दारात उभी होती. तिनं माझ्याकडं इतक्या प्रेमानं पाहिलं की मी पंप आणखी जोरात लावला.

थोड्या वेळानं मामांनी शाल काढली. मग कानटोपी, मग स्वेटर. सदऱ्यापर्यंत आल्यावर ते बाहेर आले.

"पाव्हणं, माझा पापड भाजायचं ठरिवलंय व्हय?"

"जरा जास्त झालंय मामा, कमी करतो."

"करा. तवर मी संडासला जाऊन येतो."

मी अजून पंपापाशी पोचलोही नव्हतो, तोच आतून आरोळी आली. "सुनंदे! पळ! संडासातनं वाफा निघत्यात!"

त्याच वेळी स्वयंपाकघरातून सुनंदा ओरडली, "अहो, गारच्या नळाला गरम पाणी येतंय!"

"आणि गरमच्या नळाला?"

"त्यालाही गरमच!"

मी गच्चीवर धावलो. गार पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं, तर आतून संथ, पांढरी वाफ चांदण्यांकडं निघालेली. दृश्य फार सुंदर होतं. (हे मी खाली येऊन सुनंदाला सांगितलं. सांगायला नको होतं.)

शकीलभाई फोनवर म्हणाले, "पाइप बदलावा लागंल साहब. टाकी पूर्ण खाली करा, मी येतो." टाकी रिकामी करायची! आदल्याच दिवशी नळ आला होता, आता परत कधी येईल ते देवाला ठाऊक. आमच्या शहरात एक वेळ तुपाचा डबा मोरीत ओतलेला लोक माफ करतील, पण भरलेली टाकी ओतून दिली असती तर गल्लीनं आमच्याशी बोलणं टाकलं असतं. पंप बंद ठेवता आला असता, पण मग खोलीत गारठा आला असता आणि मामा निघाले असते. म्हणून मी तो चालूच ठेवला. मामांनी पलंग हॉलमध्ये काढला आणि ऐन थंडीत पंखा लावून ते गाढ झोपले. उबदार खोलीत कुणीच उरलं नाही.

मोकळी जागा सुनंदाला बघवत नाही. तिनं तिथं इडलीच्या पिठाचं पातेलं नेऊन ठेवलं. थंडीत आमच्याकडं पीठ कधी फुगत नाही. या वेळी सकाळी बघतो तर पीठ झाकण उचलून, पातेलं ओलांडून दारापर्यंत आलेलं! सुनंदाच्या डोळ्यांत कौतुक दाटून आलं. मी छाती काढून पुढं झालो, पण ते पिठासाठी होतं.

शेजारच्या नफीसाआपा ते बघायला आल्या. "या अल्ला! आमचं नानचं पीठ तर थंडीत नुसता दगड होऊन बसतं. माझी परात ठेवू का भाभी?" परात आली. मग कुणाचं विरजण आलं, कुणाच्या वड्या आल्या, कुणाचे न वाळलेले युनिफॉर्म आले. आम्ही दोघं दिवसभर कामावर. दार उघडायला घरात फक्त मामा. एका संध्याकाळी मी घरी आलो तर दाराबाहेर पाच-सहा बायका, मध्ये खुर्चीवर मामा, आणि बोलणं मामांचंच चाललेलं.

"फडकं ओलं करून झाका. आन मधी मधी उघडून बघू नका, पीठ बिचकतंय."

"व्हय मामा."

शेवटी एकदाचा नळ यायचा दिवस उजाडला. टाकी रिकामी होती, शकीलभाई पाना घेऊन हजर झाले, आणि नेमके त्याच वेळी मामा पिशवी काखोटीला मारून दारात उभे राहिले. सुनंदाच्या हातातलं उलथनं तसंच हवेत राहिलं.

"निघालात आबा?"

"व्हय. इथं पिठावर झाकायला धड फडकी नायत. गावाकडं पेटीत तुझ्या आईची जुनी लुगडी पडल्यात, मऊ हायत. घेऊन येतो सांजच्याला."

"येतो?"

"मंग? एवढ्या बायांची पिठं कोण बघंल? तुमी तर दिसभर भाईर!"

मला राहवेना. "पण मामा, तुमचा गारठा?"

"गारठ्याचं काय घिऊन बसलाव पाव्हणं! आमच्या रानात याच्या दुप्पट थंडी. इथं दिसभर एकट्यानं भिंती बघत बसायला जीव घाबरायचा. पोरीला ते कसं सांगावं? म्हणून गारठा." मग त्यांनी भिंतीवरच्या पाइपांकडं नजर फिरवली आणि जरा हळूच म्हणाले, "आधीच एक खुर्ची दारात टाकली असती तरी चाललं असतं."

सुनंदा रडत होती आणि हसतही होती. मला फार बरं वाटलं, आणि फार मूर्खासारखंही वाटलं. शकीलभाईंनी खाली मान घालून पाइप नीट जोडला. खोली मात्र तशीच ठेवावी लागली, कारण नफीसाआपांची परात आत होती.

मामा आता आमच्याकडंच असतात. मध्यंतरी एका सकाळी माझी कंपनीत मीटिंग होती. टॉवेल गुंडाळून मी नळ सोडला तर पाणी बर्फ! मामांनी बाथरूमकडं येणारा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला होता.

"मामा, आंघोळीला गरम पाणी?"

"आत्ता नाय. नानचं पीठ ऐन फुगायला आलंय. त्याला ऊब लागती."

"आणि मला?"

मामांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी गच्चीवर जावा की. ऊन पडलंय."

मी गेलो आणि सोलरच्या बाजूला बसलो. एकही पाइप न जोडता ऊन थेट माझ्या पाठीवर आलं, आणि ते इतकं झकास होतं की उन्हं कलल्यावर शाळेतून आलेली सुनंदा वाळलेले कपडे काढायला आली तेव्हाच मला जाग आली.