वरच्या वळणाचे आकडे

बायनरी फाईलवर माझं प्रेम होतं, हे आधीच कबूल करते. खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्याचा ओढा मी कॉम्प्युटरमध्ये वाहवला होता. जमीन दहा-दहा मीटरच्या चौकटींत कापायची, पाऊस पाडायचा आणि वैशाखात कुठल्या चौकटीत किती पाणी उरतं ते प्रोग्रामला लिहायला लावायचं. तो लिहायचा बायनरीत. फाईल एवढीशी, कामाला झपाट्याची. माणसानं उघडली तर नुसता कचरा दिसतो, पण ती वाचायचीय कोणाला? दुसरा प्रोग्राम ती वाचून सुरेख निळं चित्र काढतो.

चित्रात पाणी खालच्या वळणावर टिकत होतं. पाणी खालीच असणार, यात शंका कसली? बंधारा तिथंच घाला, असं मी सगळ्यांना ठासून सांगितलं होतं. ग्रामसभेनं मान डोलवायची तेवढी बाकी होती.

सभेच्या आदल्या दिवशी ग्रामसेवक म्हणाले, नुसतं चित्र चालायचं नाही, आकडे जोडा. कुरकुरत मी प्रोग्राम पुन्हा चालवला, या वेळी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये. फाईल भोपळ्यासारखी फुगली. त्यातला वैशाख तेवढा जव्हारला जाऊन छापून आणला, आठ कागद चिकटवले आणि काकूच्या ओटीवर पसरले. काकू चौथी शिकलेली. वरच्या वळणावर नुसतं पाझरतं, हंडा बुडत नाही, म्हणून लग्न झाल्यापासून ती पार खाली नदीच्या डोहावरून पाणी आणते; नदी माझ्या हिशोबात नव्हती, कागदावर तिथं शून्यच. आपलं घर कुठल्या चौकटीत ते मी तिला दाखवलं.

तिनं मूठभर नागली घेतली आणि जिथं शून्य नाही त्या प्रत्येक आकड्यावर दाणा ठेवत गेली. सगळे दाणे वरच्या वळणावर जमले. खालच्या वळणावर एकही नाही. मी म्हटलं, कागद चुकलाय, चित्रात याच्या उलट आहे.

"चित्राचं तुझं तू बघ," ती म्हणाली. "वरच्या उंबराखाली वैशाखातबी पाय वले व्हतात. कागद बराबर हाय."

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. माझा प्रोग्राम ओळी दक्षिणेकडून लिहीत होता आणि चित्रवाला त्या उत्तरेकडून वाचत होता. मजकुराच्या फाईलीत प्रत्येक ओळीपुढे तिची जागा लिहिलेली, म्हणून ती तेवढी सुलटी आली. इतके महिने मी अख्खा डोंगर पालथा घालून मिरवत होते. लाज वाटायला हवी होती, पण आनंद असा उसळला की मी ओटीवरच नाचले.

सभेत मी माझंच म्हणणं खोडून काढलं. लोक पोट धरून हसले आणि वरचं वळण एकमतानं ठरलं. घरी आले तर काकू कागदावर वाकलेली. डोहापासून घरापर्यंतच्या चौकटी तिनं मोजल्या होत्या, बासष्ट. आता ती वरच्या वळणापासून बोट सरकवत होती.

"नऊच?" तिनं मला विचारलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.