चिंचेची जागा

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार, सकाळी साडेनऊची एस.टी., आणि फाट्यावर हजर माणसं पाच: मी, आई, आबा, मला न्यायला आलेले मामा आणि माझ्या वर्गातला दत्ता. आबांनी तीनशे रुपये मोजले, पुन्हा मोजले, आणि माझ्या नव्हे, मामांच्या हातात दिले. मी सतरा वर्षांचा होतो. मामांचं कोइमतूरला गलाईचं दुकान होतं. जुने, मोडके दागिने वितळवून त्यातलं सोनं शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. आमच्या विट्याकडच्या पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी या धंद्यासाठी कुठल्या ना कुठल्या शहरात गेलेलं असतं. आबा एवढंच म्हणाले, "मामा सोडलं तर तितं आपलं कोन न्हाई. हिशोबानं ऱ्हा." दत्ता म्हणाला, "जातूस तर जा रं वसंता, पर मद्रासी हून यिऊ नगंस." सगळे हसले, आईसुद्धा.

आम्ही थांबलो होतो ती जागा शाळेसमोरची, मोठ्या चिंचेखालची. एस.टी. वळली तेव्हा मागच्या काचेतून चिंच दिसली आणि तिच्याखाली तीन माणसं. पुढची पस्तीस वर्षं गाव म्हटलं की मला हेच दिसत आलं. जे गावी राहिले आणि जे माझ्यासारखे गेले, त्या दोघांसाठी मी हे लिहितो आहे, कारण यात माझी एक चूक आहे आणि ती माझ्यासारख्या गेलेल्या कुणाकडूनही होऊ शकते.

कोइमतूरला मी मद्रासी झालो नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. दुकानात मला सगळे सेट, म्हणजे शेठ, म्हणतात. दुपारी मी सापाड, म्हणजे तिकडचं भाताचं जेवण, जेवतो, रात्री घरी भाकरी. मुलगी माझ्याशी मराठी बोलते आणि रागावली की तमिळ. धंद्यात मी पैशाला पैसा आणि मिलिग्रॅमला मिलिग्रॅम जुळवतो. आमच्याकडे काही वाया जात नाही. हात धुतलेलं पाणी साठवतो, झाडलेली धूळ साठवतो, बसायचं जुनं पोतं जाळून त्याच्या राखेतूनही कणभर सोनं निघतं. सांडलेलं परत मिळतं, हे मी इतकी वर्षं रोज बघत आलो आहे.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं तेव्हा मुलीची रंगाची पेटी घेऊन बसलो. मग सवय लागली. दत्ता तोपर्यंत सैन्यातून हवालदार होऊन परतला होता आणि ऊस करत होता. त्यालाही तोच नाद लागला होता. त्यानेच मला "अर्धं चित्र" या ग्रुपवर घेतलं. कराडच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेनं तो सुरू केला होता. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. सातारा-सांगलीकडची, हौसेनं जलरंगात काम करणारी त्रेचाळीस माणसं त्यात आहेत: शिक्षक, नर्स, एक साखर कारखान्यातला वजनकाटेवाला, चार-पाच जण बाहेरगावी गेलेले. नियम एकच. चित्र पुरं झाल्यावर टाकायचं नाही, चालू असताना टाकायचं. दर रविवारी, जिथवर आलं असेल तिथवर. बाकीच्यांनी एक जमलेली गोष्ट सांगायची, एक सुधारायची.

मी आठवणीतलं गाव काढायचो. मळकट पिवळं माळरान, तांबूस वाट, ज्वारीची ताटं. दत्ता घराच्या ओट्यावर बसून समोर दिसेल ते काढायचा, आणि त्याच्या कागदावर हिरवाच हिरवा असायचा. मी एकदा लिहिलं, हिरवा फार झालाय. त्यावर त्यानं फोन केला.

"आरं गड्या, तुजं गाव अजून दुष्काळातच हाय व्हय? कालव्याला पानी यिऊन किती वर्सं झाली! तुला कोन टँकर पाठवतंय का कोइमतूरला?"

मी हसलो. रंग मात्र बदलला नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्यानं एक मोठं चित्र घेतलं. ओट्यावरून दिसणारा फाटा: डावीकडे शाळेची भिंत, उजवीकडे रस्ता, मागे ऊस, वर भरून आलेलं आभाळ. अकरा रविवार तो ते टाकत होता. मी प्रत्येक फोटो बघितला आणि प्रत्येकाखाली लिहिलं. "आभाळ जमलं. भिंत जरा गडद हवी." बारावा रविवार आला नाही. श्रावणात शेतावर पाणी द्यायला गेलेला दत्ता बांधावरच गेला. हार्ट अटॅक. वय त्रेपन्न.

तेराव्याला मी गेलो. निघताना त्याची बायको, सुनंदा वहिनी, बोर्डावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बसवलेला तो कागद घेऊन बाहेर आल्या.

"भावजी, येवढं पुरं करून द्या. वर्षश्राद्धाला त्यांच्या फोटोशेजारी लावायचं हाय. दुसऱ्या कुनाला दिऊ?"

मी तो बोर्ड मांडीवर धरून कोइमतूरला आणला. कराड ते बंगळूर बसमध्ये झोपलो नाही.

काम मी माझ्या पद्धतीनं केलं. अकराही फोटो मोठे छापून भिंतीवर ओळीनं लावले. कुठल्या रविवारी कुठला रंग आला ते वहीत लिहिलं. सरावासाठी सात कागद खर्ची घातले, मग खऱ्या कागदाला हात लावला. भिंतीची सावली, रस्त्याकडेचं गवत, उसाची पुढची रांग. त्याच्या हाताशी माझा हात बऱ्यापैकी जुळला. राहिली होती मधली जागा. भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये हाताच्या पंजाएवढा कागद कोरा होता. कडा नीट राखलेल्या. मी विचार केला: जलरंगात फिकटाकडून गडदाकडे जायचं असतं. दत्ता सगळ्यात मोठा गडद आकार नेहमी शेवटी घ्यायचा. त्याच्या आधीच्या सहा चित्रांत मी ते तपासलं. शाळेसमोर, भिंतीच्या नि रस्त्याच्या मध्ये, मोठा गडद आकार कुठला? विचारायची गरजच नव्हती.

मी चिंच काढली. एका बैठकीत, तीन तासांत. खोड बर्न्ट अंबर या गडद तपकिरीनं, वर हिरव्याचे तीन थर. आयुष्यात माझ्या हातून एवढं चांगलं झाड झालं नव्हतं. फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: "दत्ताचं चित्र पुरं झालं."

अर्ध्या तासानं बाईंचा फोन आला.

"वसंतराव, तुम्ही दत्ताजींचं बोलणं ऐकलं नव्हतं का?"

"कुठलं बोलणं?"

"ते लिहीत कुठे होते? ते बोलूनच पाठवायचे. नवव्या रविवारचं ऐका."

दत्ता फोटोखाली आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, हे खरं. मी ते ऐकत नसे. दुकानात भट्टीचा पंखा सुरू असतो, ऐकू येत नाही. फोटो बघायचो आणि उत्तर लिहायचो. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मागे कोंबड्या, ट्रॅक्टर, आणि त्याचा आवाज.

"बाई, ती मदली जागा कोरीच ऱ्हानार हाय. तितं चिंच हुती. रस्ता मोठा केला तवा तोडली, मी हितं ओट्यावरच बसल्यालो. दिवसभर चाललं हुतं. आता तितं दुसरं काय काढायचं मन हुत न्हाई. तुमी म्हनाल अपुरं ऱ्हायलं, तर म्हना."

रस्ता मोठा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी वही काढून मोजलं. त्या चार वर्षांत मी गावी नऊ वेळा गेलो. नऊदा त्याच फाट्यावर उतरलो, तेराव्यालासुद्धा. चिंच तिथे नाही हे मला एकदाही दिसलं नाही. वजनात दोन मिलिग्रॅमचा फरक पडला तर माझ्या लक्षात येतो. अख्खं झाड गेलेलं लक्षात आलं नाही, कारण मी बघतच नव्हतो. मला ते आठवणीतलंच दिसायचं.

मग मी आणखी एक चूक केली. रंग परत काढायला बसलो. ओला ब्रश, टिश्यू, स्पंज. थोडा रंग उठला, तसा मी जोर केला. आमच्या धंद्यात जोर केला की निघतं. कागदाची लव सुटायला लागली. मुलगी मागे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "अप्पा, पोदुम. पुरे आता." तोवर झाडाच्या जागी मळकट हिरवा डाग आणि सोललेला कागद राहिला होता. त्याचाही फोटो टाकला, तर ग्रुपवर एका नर्सबाईंनी लिहिलं की धुरकट झाड अधिकच सुंदर दिसतंय. चांगल्या मनानं लिहिलं असेल. पण सुंदर नव्हतं, बिघडलं होतं. बाईंनी एवढंच लिहिलं: "आता पाणी लावू नका."

वहिनींना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी गेलो. या वेळी फाट्यावर उतरल्यावर थांबून बघितलं. मग घरी गेलो आणि बोर्ड त्यांच्यापुढे ठेवून झालं ते सगळं सांगितलं, नऊ वेळा गावी येऊनही न दिसलेलं धरून.

त्यांनी चित्र दाराशी उजेडात नेलं. सोललेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"मला म्हनलं हुतं त्यांनी, मदलं असंच ऱ्हाऊ दे. मी तुमास्नी सांगितलं न्हाई. म्हनलं, म्हाईत असंल. तुमी दोगं दर आयतवारी बोलायचा न्हवं?"

"मी फोटो बघायचो, वहिनी."

त्यांनी बोर्ड दाराच्या चौकटीला टेकवून ठेवला. मग म्हणाल्या, "त्ये म्हनायचं, वसंता गावाला येतूय, पर गाव बगत न्हाई. मी म्हनायची, आवं, बिचारा दोन दिवसासाठी येतूय, कदी बगंल? मी तुमची बाजू घ्यायची, भावजी."

त्यांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. "आन् डागावरनंबी कळतंय, चिंच लय मोटी काडलीसा. येवडी न्हवती ती."

"मला तेवढीच आठवते."

"तुमी लहान हुता तवा." त्या पहिल्यांदा किंचित हसल्या आणि लगेच पदर डोळ्याला लावला. "तुमी नवीन काडून दिलं तर त्यांचं हुनार न्हाई. ह्येच लावू. भिताड त्यांचं हाय, आभाळ त्यांचं हाय. मदी तुमची चूक हाय. असू दे. पर एक करा. उद्या सकाळी त्यांच्या जागी ओट्यावर बसा, आन् हाय ते बगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते साडेदहा मी दत्ताच्या ओट्यावर बसलो. गावात बसून गाव काढायची माझी पहिलीच वेळ. मधली जागा कोरी ठेवावी असं एकदा वाटलं. मग कळलं, तो हक्क मला नाही. कोरी जागा त्याची होती. झाड पडताना त्यानं बघितलं होतं. मी तिथे जे होतं ते काढलं: सिमेंटची मोरी, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा अर्धा फाटलेला फ्लेक्स, त्याच्या सावलीत एस.टी.ची वाट बघणारी एक मुलगी, आणि मागे ऊस. हिरवा सगळ्यात जास्त लागला. वाटेनं जाणारे एक म्हातारे वाकून बघत म्हणाले, "फ्लेक्स कशाला काडतूस रं? काय तरी चांगलं काड की." मी म्हणालो, "हाय त्येच काडतूय, तात्या." इतक्या वर्षांत गावची बोली माझ्या तोंडून आपोआप आली, असं फार वेळा झालेलं नाही.

घर म्हणजे काय, असं मुलगी विचारते तेव्हा आधी मी त्या काचेतून दिसलेलं सांगायचो. आता सांगताना अडखळतो. घर माझ्यासाठी थांबून राहिलेलं नव्हतं. ज्यांनी ते दररोज बघितलं, त्यांच्या डोळ्यांदेखत ते बदलत होतं, आणि बदलाचं दुःखही त्यांनीच सोसलं. मी आठवण काढायचो, ते राखत होते. जे माझ्यासारखे गेले त्यांना एवढंच सांगतो: जाल तेव्हा बघा. आणि गावाकडून कुणी बोलून काही पाठवलं, तर भट्टीचा पंखा बंद करून ऐका. दत्ताची अकराही बोलणी मी आता ऐकली आहेत. तिसऱ्यात तो माझ्याविषयी बोलला आहे. ते इथे लिहीत नाही.

माझं चित्र मी वहिनींना देऊ केलं. त्यांनी बघितलं, फ्लेक्सवरचं पोरगं कुणाचं ते ओळखलं आणि परत माझ्या हातात दिलं. "ह्ये तुमी न्या. कोइमतूरला लावा. आमाला हितं दारातनं दिसतंय."

दोन्ही चित्रं वहिनी आणि मी विट्याला फ्रेमवाल्याकडे नेली. त्यानं मोठ्या चित्रावरचा डाग दाखवून विचारलं, काच धुरकट बसवू का, म्हणजे दिसणार नाही. वहिनी म्हणाल्या, साधी बसवा. बिल एकच झालं, अकराशे ऐंशी. मी पाकीट काढलं, तर त्यांनी हात आडवा धरला आणि फ्रेमवाल्याला हिशोब वेगळा करायला लावला. दत्ताच्या चित्राचे सातशे वीस त्यांनी दिले. माझ्या चित्राचे चारशे साठ मी दिले.