मृतांच्या यादीतले नाव

आई गेल्यावर काही महिन्यांनी माझ्या मनात एक आवाज सुरू झाला. तो माझाच होता, म्हणून त्याची भीती वाटायला वेळ लागला. भांडी घासताना, गॅसच्या रांगेत, भर दुपारी तो शांतपणे माझ्या चुका वाचून दाखवी. महिला मंडळाच्या सभेत मी इतिवृत्त वाचते, अगदी त्याच सुरात. घरात आई आणि मी दोघीच होतो. तिच्या आजारपणात मी औषधांच्या वेळांचा तक्ता केला, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले, आणि तिने शेवटचा श्वास घेतला तेव्हा दवाखान्याच्या खाली झेरॉक्स काढत उभी होते. आवाज तिथून सुरू होई आणि एकाच वाक्यावर थांबे: तिच्या जागी तू जायला हवी होतीस. मी कामे वाढवली. प्रार्थनाही करत होते, पण वहीत बरोबरची खूण करून उरकल्यासारखी. कोणाला काही बोलले नाही. सगळ्यांच्या आजारपणात धावून जाणारी मंडळाची सेक्रेटरी स्वतःबद्दल काय सांगणार?

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्या चर्चची मंडळी दफनभूमीत जमते. कबरी धुऊन झेंडूने सजवतात, मेणबत्त्या लावतात आणि प्रभूत निजलेल्यांची नावे मोठ्याने वाचतात. ती यादी दरवर्षी मी हाताने उतरवते. जुनी यादी समोर ठेवायची, नवी नावे आडनावाप्रमाणे मध्ये घालायची, शेवटी मोजायची. यंदा नवे नाव एकच होते, आईचे. एकूण त्रेसष्ट व्हायला हवी होती, त्रेसष्ट झाली. मी तीनदा मोजली.

त्या सकाळी नाशकात इतके धुके होते की पलीकडच्या ओळीतले क्रूस दिसत नव्हते. वारा अजिबात नव्हता. मेणबत्त्यांच्या ज्योती हलतसुद्धा नव्हत्या. माना खाली घालून सगळे उभे होते आणि मी वाचत होते. निम्मी यादी झाल्यावर माझ्या लक्षात आले: दुपारचा तो आवाज आणि हा आवाज एकच होता. थांबावेसे वाटले, पण तो थांबेना. आमचे आडनाव आले आणि मी माझेच नाव वाचले, वडिलांच्या नावासकट.

कागदावर ते माझ्याच अक्षरात होते, नीटनेटके, पुढे बरोबरची खूण केलेले. आईचे नाव कुठेच नव्हते. म्हणूनच मोजणी जुळली होती. कोणी मान वर केली नाही. पायाखालची माती मऊ लागू लागली आणि मला वाटले, बरे झाले, आता संपले.

तेवढ्यात मागून, कुंपणाच्या बाजूने, एका बाईचा आवाज आला. शेजारीण कुठे आहे असे कोणी विचारल्यावर सांगावे, इतका साधा.

"ती हितंच हाय की."

मी पेन काढले, माझे नाव खोडले, वर आईचे लिहिले आणि ते वाचले. पुढचे वाचवेना. पाळकीणबाईंनी, आमच्या पाळकांच्या पत्नीने, कागद घेऊन यादी पुरी केली.

सायखेड्याहून फुले घेऊन आलेली बाई फाटकापाशी रिकाम्या गोण्या झटकत होती. बोलणे तिचेच असणार म्हणून मी म्हणाले, "मावशी, बरं झालं बोललात."

"मी कव्हा बोलले? मला तुमचं नाव बी ठावं नाय." मग तिने माझ्याकडे नीट पाहिले. "सकाळपास्नं बघते, नुसती कागद घिऊन फुलं मोजत पळती. खाल्लं का काही?"

"नाही."

"मंग बस हितं. फुलं मोजता मोजता मरायचंय का?"

तिने मला टेम्पोच्या फळीवर बसवले, बाटलीतला चहा झाकणात ओतून दिला. मी रडले, आणि दुपारच्या आवाजाचे ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर मोठ्याने बोलले. ती दचकली नाही. "माझा धनी गेला तव्हा माझं बी असंच व्हतं," ती म्हणाली. "एकटीनं नको ऐकत बसू. तुमच्यातल्या कोणाला तरी सांग. आजच सांग."

मी तशीच पाळकीणबाईंकडे गेले. सगळे ऐकून त्यांनी माझा हात धरून ठेवला. मागून आलेले शब्द त्यांनीही ऐकले होते. "पण मला वाटलं, तूच बोललीस," त्या म्हणाल्या.

बोलणारी कोण होती याची चौकशी मी पुढे केली नाही. चौकशी न करता सोडलेली माझ्या आयुष्यातली बहुधा ही पहिलीच गोष्ट. दुपारचा आवाज अजून येतो. आला की मी पाळकीणबाईंना फोन करते, आम्ही प्रार्थना करतो; त्यांच्याच सांगण्यावरून डॉक्टरांकडेही जाते. स्वतःला प्रभूच्या हाती देणे हेही मी नीट पार पाडायचे एक काम समजत होते. आता कळते की मी कुठे असायला हवे होते, हे ठरवणे मुळात माझ्याकडे कधी नव्हतेच. मी इथेच आहे, असे मला सांगण्यात आले. मी ते मानले, आणि त्याबद्दल रोज सकाळी उठल्यावर प्रभूचे आभार मानते.