बुटातल्या गादीचा खड्डा

रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी यांचे पाय तपासते. खुर्चीत बसवायचं, मोजे काढायचे, तळव्याखाली हातातला आरसा धरायचा आणि बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत नीट पाहायचं. यांना बारा वर्षांपासून शुगर आहे. आता तळवे बधिर झालेत. पायात काच घुसली तरी यांना कळणार नाही, ती दिसायची तर मलाच. नव्या सुनेनं सासूला भ्यावं तशी मी त्या दोन तळव्यांना भिते.

भिण्याला कारण आहे. माझ्या थोरल्या दिरांना हाच आजार होता. अंगठ्याखाली एक फोड आला, त्यांनी हळद लावली, कुणाला सांगितलं नाही, आणि चार महिन्यांत पाय गुडघ्याखालून काढावा लागला. नंतर ते वर्षभर ओट्यावर बसून असत. मी चहा घेऊन गेले की माझी नजर नको तिथेच जायची. लेंग्याची मोकळी बाजू दुमडून पिनेनं अडकवलेली असे. ते वारले तेव्हा रडू फुटायच्या आधी माझ्या मनात आलं की आता यांची पाळी. असलं मनात आणू नये म्हणतात, पण आलं.

सोनईजवळच्या आमच्या गावात आमची पिठाची गिरणी आहे. हे दिवसभर तिथे उभे. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं की अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही, आणि बुटात खास गादी घालायची. तिला इनसोल म्हणतात, आम्ही आपली गादीच म्हणतो. नगरातच एका दुकानात पाय बघून ती जुळवून देतात. त्या दिवशी गिरणी मी सांभाळली आणि हे एकटेच गेले. मी बरोबर जायला हवं होतं, हे आता कळून काय उपयोग? संध्याकाळी परत आले ते सणाचे कपडे मिळाल्यासारखे खुशीत. गादी वरून निळी, मऊ. खालून मधाच्या पोळ्यासारखी, बारीक सहा कोनांच्या तुकड्यांची. किती दिवस टिकेल असं मी विचारलं, हे म्हणाले वर्षभर. दुकानदारानं आणखी काय सांगितलं ते मी विचारलं नाही, आणि आपणहून काही सांगण्याची यांना कधीच सवय नव्हती.

बुटांची खरी अडचण आली ती चर्चमध्ये. आमच्या गावात सगळे जण पायताणं दाराबाहेर काढूनच आत जातात, पणजोबांच्या काळापासून. फादर स्वतः म्हणाले, तुम्ही खुशाल बूट घालून या, देवाची काही हरकत नाही. पण देवापेक्षा माणसांच्या नजरा वाईट. हे तीस वर्षं गायनाला पहिल्या रांगेत उभे राहिलेले. आता खाली मान घालून यायचे आणि मागच्या बाकावर बसायचे. घरी आल्यावर त्याबद्दल अवाक्षर नाही.

नाताळ जवळ आला तसं मी घर आवरायला काढलं. माझ्या अंगात आवराआवरीचं वारं शिरलं की कुणाची धडगत नसते. फुटकं, सुटं, अर्धवट काही दिसलं की ते नीट केल्याशिवाय मला घास गिळवत नाही. यांच्या बुटांत गिरणीचं पीठ जाऊन गाद्यांची रया गेली होती. मी त्या काढल्या, धुतल्या, सावलीत वाळत घातल्या. उलट्या करून पाहते तर उजव्या गादीला अंगठ्याच्या बुडाशी बाटलीच्या बुचाएवढा खड्डा. तिथले सात-आठ तुकडेच नव्हते. नव्या वस्तूची ही दशा बघून मी दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. मग शिलाई मशीनच्या खणात सुई शोधताना एक छोटी पिशवी हाती लागली आणि तिच्यात तेच तुकडे निघाले. गळालेले यांनी गोळा करून ठेवले असणार आणि बसवायचा आळस केला असणार, असं मी धरून चालले. एकेक तुकडा जागेवर बसवला. पुन्हा निघू नयेत म्हणून चपला चिकटवायचं सोल्युशन लावलं आणि वर पाटा ठेवून दिला. दुपारी हात फिरवून पाहिला, तळ कसा सपाट झालेला. यांना सांगायचंही माझ्या डोक्यात आलं नाही. घरात मी रोज पन्नास गोष्टी नीट करते, त्यांतलीच ती एक.

पाचव्या दिवशी संध्याकाळी उजवा मोजा काढताना तळव्याला चिकटला. मोज्यावर पिवळट डाग होता. अंगठ्याच्या बुडाशी कातडी पांढरी पडून फाटली होती आणि आत ओलं, लाल दिसत होतं. मधले दोन दिवस करंज्यांच्या घाईत मी पाय पाहिलेच नव्हते. काय झालं म्हणून यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडं सोलवटलंय, उद्या नगरला जाऊ.

डॉक्टरांचे कागद मशीनच्याच खणात होते. ते काढताना तळाशी दुकानाची घडी घातलेली चिठ्ठी सापडली. तिच्यावर पावलाचं चित्र होतं, अंगठ्याच्या बुडाशी लाल गोल, आणि खाली लिहिलेलं की या जागेवर भार पडू नये म्हणून तुकडे काढले आहेत, विचारल्याशिवाय परत बसवू नयेत.

तो खड्डा म्हणजे मोडतोड नव्हती. यांच्या पायाची सर्वांत नाजूक जागा अधांतरी राहावी म्हणून तो मुद्दाम केलेला होता, आणि मी तो भरून, चिकटवून, वर पाटा ठेवून पक्का केला होता. पाच दिवस हे त्यावर उभे होते. मी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि सुरीनं ते तुकडे उचकटले. गादीचाही कपचा निघाला. तुकडे कचऱ्यात टाकले आणि वर मेथीच्या काड्या पसरल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जखमेत बारीक सळई घालून पाहिली. यांना काहीच कळत नव्हतं; हे शांतपणे माझ्याकडे बघत होते. डॉक्टरांनी विचारलं, अनवाणी चालला होतात का? हे पकडल्या गेल्यासारखे म्हणाले, "मागल्या रविवारी चर्चमधी तसाच गेल्तो. बूट भाईरच काढलं. लोक बघत्यात, लाज वाटती."

मला हे ठाऊक नव्हतं. त्या रविवारी मी घरीच रंगारी लोकांच्या मागे होते. डॉक्टर यांना नको नको ते बोलले आणि यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पंधरा दिवस ड्रेसिंग करायचं आणि मग हाडाचा फोटो काढायचा असं ठरलं. जखम हाडाला पोचली असेल तर अंगठा काढावा लागेल. अंगठ्यावर थांबलं तर नशीब, असं ते म्हणाले नाहीत, पण दिरांच्या वेळीही सुरुवात अंगठ्यापासूनच झाली होती.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ड्रेसिंग बदललं की जुनी पट्टी मागच्या अंगणात नेऊन हुंगायची, दिरांच्या पट्टीला यायचा तो वास येतो का बघायचं. दिवसातून चारदा यांच्या कपाळाला हात लावायचा. पाय जाईल ही एक भीती. दुसरी तिच्याहून हलकट, आपण केलेलं यांना कळेल ही. दुसरीपायी मी यांच्यासमोर बसेनाशी झाले. हे दिवसभर ओट्यावर, आणि मी आत भांडी घासत, घासलेलीच पुन्हा घासत.

नाताळाला हे चर्चमध्ये गेले नाहीत. फराळाची ताटं घेऊन लोक घरी आले, त्या प्रत्येकाला हे आपणहून सांगायचे की सगळी माझीच चूक. मी आतून ऐकत असायचे.

फोटोच्या दिवशी नगरला डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. हे हळूच म्हणाले, "अंगठा गेला तर जाऊ दे. देवाच्या दारात मी मानसांची लाज धरली. शिक्षा हाय ती."

मग मात्र मला राहवेना. मी सगळं सांगितलं. धुतलेल्या गाद्या, खण, पिशवी, सोल्युशन, मेथीच्या काड्या, काही म्हणजे काही ठेवलं नाही. एवढ्यात आमचा नंबर पुकारला.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. किती वेळ धरला कोण जाणे, मला त्यांचा चष्मा तेवढा दिसत होता. हाड शाबूत आहे, ते म्हणाले. दोन महिने गिरणीत उभं राहायचं नाही, जखम भरेल. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

स्टँडवर सोनईची गाडी लागली नव्हती. आम्ही बाकावर बसलो. अर्धा तास हे एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते, चारचौघांत ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटायला लागलं. शेवटी पायाच्या पट्टीकडे बघत म्हणाले, "पंधरा दिस मी ओट्यावर एकलाच भीत बसलो."

"मी बी आत भीतच हुते," मी म्हटलं.

"मंग भाईर यायचं हुतंस," हे म्हणाले. "माझ्याजवळ बसून भ्यायचं हुतंस."