जंटलमनांचं दार

माझे सासरे सहा महिने थोरल्या लेकीकडे इंग्लंडला राहून आले, तेव्हा त्यांना आणायला विमानतळावर मी गेलो होतो. बॅगेत चॉकलेटं नव्हती. त्यांनी एक कल्पना आणली होती, आणि ती कस्टमवाल्यांनी अडवली नाही याचं दुःख मला आजही आहे.

मेव्हणीच्या गावातल्या क्रिकेट क्लबच्या भिंतीवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले फोटो आहेत. काउंटी क्लबचा पहिला मोसम. दाढ्या वाढवलेले, उंच टोप्या घातलेले गृहस्थ आणि मधोमध खुर्चीत अध्यक्ष. सासरे त्या अध्यक्षापुढे रोज जाऊन उभे राहायचे म्हणे.

"जावईबापू, ज्या माणसाचा फोटो क्लबच्या भिंतीवर नाही, त्यानं आयुष्यात केलं काय?"

"नोकरी," मी म्हणालो.

त्यांनी गाडीची काच खाली केली आणि घर येईपर्यंत बाहेर बघत बसले.

महिन्याभरात बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर क्लब उभा राहिला. आता या प्लॉटवर आधीपासून एका मंडपवाल्याचा डोळा होता. लग्नांसाठी त्याला तो कायमचा हवा होता. सोसायटीचे सेक्रेटरी, आमचे गुजराती शेजारी, मोठे समतोल गृहस्थ. त्यांनी तोडगा काढला. "काका, आ शियाळामां एक मॅच जीती बतावो, प्लॉट तमारो." हिवाळ्यात एक सामना जिंका, नाहीतर मंडप. सासऱ्यांना ही अट फारच सोपी वाटली. ते भिंतीवर खिळा कुठे ठोकायचा ते बघू लागले.

बडोद्यात मराठी माणसाचे दोन प्रकार. एक, ज्यांचे पणजोबा संस्थानात हुद्द्यावर होते. दुसरे, ज्यांचे वडील रेल्वेत नाहीतर रिफायनरीत लागले. पहिले दुसऱ्यांना 'बाहेरून आलेले' म्हणतात, जणू यांचे स्वतःचे पणजोबा मगरींबरोबर विश्वामित्री नदीच्या पात्रातच जन्मले होते. सासरे पहिल्यातले. मी दुसऱ्यातला. माझ्या लग्नात त्यांनी हा विषय एकदाही काढला नाही, आणि न काढल्याचं पुढे प्रत्येकाला सांगितलं.

तर सासऱ्यांना इंग्लंडात कळलं की त्या काळी हौसेनं खेळणारे 'जंटलमन' आणि पोटासाठी खेळणारे 'प्लेयर' मैदानात वेगवेगळ्या दारांनी शिरत. आमच्या प्लॉटच्या भिंतीला दोन दारं होती. बाहेरच्या बाजूला सोसायटीचा हॉल, त्याच्यासमोर मोठं लोखंडी गेट, आणि त्याच भिंतीत, आतल्या पाण्याच्या टाकीजवळ, एक छोटं फाटक. दोहोंमध्ये एक रिक्षा उभी राहील एवढं अंतर. सासऱ्यांना वाटलं, देवानंच आखून दिलंय.

पोटासाठी आमच्याकडे कोणीच खेळत नव्हतं. मग पणजोबांवरून वाटणी झाली. संस्थानी घराणी मोठ्या गेटानं, रिफायनरी-रेल्वे छोट्या फाटकानं. जंटलमनांनी हॉलमध्ये बसायचं, प्लेयरांनी टाकीखाली. राहिला मी.

"बाबा, मी कुठून?"

त्यांनी एक दिवस विचार केला. "बॅटिंगला जंटलमन, फील्डिंगला प्लेयर."

घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "कुठल्याही दारानं जा, पण बूट बाहेर काढून आत या."

बाकी थाट बघण्यासारखा होता. ओव्हर चार चेंडूंची. गडी बाद झाला की पुढच्यानं दोन मिनिटांत यायचं, नाहीतर तोही बाद. हा जुना नियम सासऱ्यांनी स्वतः हौसेनं घातला, कारण रिफायनरीवाले 'आळशी' आहेत अशी त्यांची खात्री होती. कप्तान अर्थात तेच. उंच टोपी बडोद्यात कुठे मिळणार? फॅन्सी ड्रेसवाल्याकडून जादूगाराची भाड्यानं आणली. ती घालून ते टॉसला निघाले की पोरं टोपीतून ससा मागत ओरडायची, "काका, ससलुं काढो!"

चहाची तऱ्हा निराळी. हॉलमध्ये सासूबाईंच्या शोकेसमधल्या कपबशा आणि काकडीचं सँडविच, ज्यात काकडी होती आणि पाव होता आणि याउपर काहीही नव्हतं. टाकीखाली कागदी पेले, गरम फाफडा, कच्च्या पपईच्या किसाचा संभारो आणि मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या. भिंतीवरून वास यायचा. पहिल्या सामन्यात जंटलमनांनी तो सोसला. दुसऱ्यात एकजण 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून गेला तो बोटं चाटत आला. मग घराणी भराभर ढासळली. ज्यांच्या पणजोबांनी म्हणे दरबारात कधी मान वाकवली नाही, ते त्या फाटकातून वाकून जाऊ लागले. एकानं तर सांगितलं, "माझे आजोळचे आजोबा रेल्वेत होते हो!" मिरचीसाठी माणूस आजोळ बदलतो. मोसम संपत आला तेव्हा हॉलमध्ये सासरे एकटेच उरले होते, पुढ्यात सगळ्या जंटलमनांची सँडविचं. हात लावायला दुसरं कोणी नव्हतं, आणि स्वतः खायचं धैर्य त्यांच्यातही नव्हतं.

सामने आम्ही सगळे हरलो होतो. शेवटचा उरला जवळच्या सावली गावाशी. सासऱ्यांच्या भाषेत, शेजारची काउंटी. टेंपोत उभं राहून आलेली कारखान्यातली, शेतावरची तरणी पोरं. पण त्या दिवशी त्यांची बॅट चालली नाही, आणि माझी, पन्नाशीच्या गुडघ्यांवर, चालली. नऊ गडी गेले तेव्हा आम्हाला दोन धावा हव्या होत्या. मी एका टोकाला उभा. शेवटचा गडी, कप्तान, हॉलमध्ये.

आणि मोठ्या गेटासमोर बांबूंचा डोंगर.

मंडपवाल्यानं आमचा खेळ ओळखला होता. सगळे आत डोळे लावून बसलेले असताना दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचं सामान त्यानं टेंपोतून तिथेच उतरवलं होतं. सासरे पॅड बांधून, टोपी घालून बाहेर आले आणि थबकले. अंपायर सेक्रेटरीभाई. त्यांनी घड्याळात बघितलं.

"काका, इथून या!" फाटकाजवळून सगळे ओरडले. त्यात निम्मे कालचे जंटलमन, तोंडात फाफडा.

सासरे हलेनात. "बांबू उचला!"

"अहो, उचलेपर्यंत रात्र होईल!"

मी खेळपट्टीवरून हात हलवला. "बाबा, छोट्या दारानं या! चार पावलं!"

"मी प्लेयर नाही!"

सावलीचा कप्तान भला पोरगा होता. त्यानं सेक्रेटरीभाईंना थांबवलं आणि हाक मारली, "काका, निरांते आवो. अमे ऊभा छीए." सावकाश या, आम्ही थांबतो. असा प्रतिस्पर्धी व्हिक्टोरिया राणीलाही मिळाला नसता. सासऱ्यांनी टोपी किंचित उचलली आणि म्हणाले, "आभार. पण नियम म्हणजे नियम."

सेक्रेटरीभाईंनी बोट वर केलं. सासरे वळले आणि हॉलमध्ये गेले. मी बॅट काखोटीला मारून बाहेर पडलो. कोणत्या दारानं ते सांगायला नको, दुसरं नव्हतंच.

प्लॉट मंडपवाल्याला मिळाला. त्यानं पहिलं काम काय केलं असेल? मोठ्या गेटाला आतून स्वयंपाकाचा ओटा टेकवून ते कायमचं बंद केलं. आता नवरदेव, वरमाई, आमदार, सगळे टाकीजवळच्या फाटकातून वाकून आत जातात. सासऱ्यांना प्रत्येक लग्नाचं आमंत्रण असतं. ते जात नाहीत. आहेर माझ्या हाती पाठवतात.

फोटो मात्र झाला. त्या दोन मिनिटांत कोणीतरी मोबाइलवर काढला होता. सासऱ्यांनी तो मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे. बांबूंच्या पुढ्यात जादूगाराची टोपी घातलेले, पॅड बांधलेले गृहस्थ, छाती पुढे, नजर इंग्लंडकडे. पाहुण्यांना ते सांगतात, "आमच्या काउंटीचा पहिला मोसम."

परवा कोणीतरी विचारलं, "आणि हे मागे, बांबूंच्या फटीतून, हात हलवतायत ते कोण?"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, नीट बघितलं.

"असेल कोणी प्लेयर," ते म्हणाले, आणि मी आणलेल्या पुडीतली मिरची उचलली.